फोटो उतरवा, भाव वाढेल

घर विकायला काढलंय. कल्याणचं. वन रूम किचन, चौथा मजला, लिफ्ट नाही. बापानं रेल्वेच्या फंडातून 1991 साली घेतलेलं. बाप गेला. आईचे गुडघे गेले. चार महिने ती जिना उतरलेली नाही. खिडकीतनं गल्ली बघते, बस. म्हणून विकायचं, आणि लिफ्टवाल्या बिल्डिंगीत जायचं. तिथला भाव जास्त, आपला कमी. तेव्हा इथे लाख-दोन लाखाची मारामारी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे कुणी मला उगाच हुतात्मा करू नये.

एजंट आला. शहाणा माणूस. दहा मिनिटांत घराची कुंडली मांडली. ही ओल आधी बंद करा, रंग नंतर काढा. ओलीवर रंग मारला तर पंधरा दिवसांत पोपडे धरतात आणि गिऱ्हाईक तिथेच बोट ठेवतं. बाथरूमचा नळ बदला. अर्धं सामान माळ्यावर टाका, खोली मोठी दिसते. दुपारी दाखवा, उजेड असतो. कार्पेट एरिया टेप लावून मोजून ठेवा, बिल्टअपचे आकडे फेकू नका. अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती, सोसायटीचं नो ड्यूज, सगळं एका फायलीत घाला. ज्याची फाईल तयार, तो घासाघीस करताना वाकत नाही. आणि त्या दिवशी सुकट-बोंबील करू नका.

बोंबलापाशी मी जरा थांबलो. पण लिहून घेतलं.

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, राग मानू नका. तो फोटो तेवढा कपाटात ठेवा. दारावरचा जयभीमचा स्टिकर पण काढा. अडतीस येतील. नाहीतर पस्तीसवर अडकेल. माझं काही नाही हो, मी मानतो बाबासाहेबांना. पण कस्टमर कसले कसले येतात."

मी मानतो! च्यायला, या देशात मानणाऱ्यांची कमी कधीच नव्हती.

नीट बघा दोस्तांनो. ओल, नळ, बोंबील, बाबासाहेब. एकाच यादीत. ओल हा भिंतीचा दोष आहे, मान्य. पाणी मुरतं, सळई गंजते, घेणाऱ्याला खर्च येतो. फोटोनं कुठली सळई गंजते? फोटो असला काय नि नसला काय, कार्पेट तेवढाच, स्लॅब तोच, स्टेशन तेवढंच लांब. शिवाय फोटो मी बरोबर घेऊन जाणार, गिऱ्हाईकाच्या गळ्यात घालणार नाही. मग हे तीन लाख कशाचे कापतात? या भिंतीत कोण राहून गेलं, त्याचे. आमच्या श्वासाची ओल काढायला यांना तीन लाख लागतात.

आणि हे फक्त कल्याणचं दुखणं नाही. कॅलिफोर्नियात मरीन सिटी नावाची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी आणलेल्या कामगारांची. युद्ध संपलं, गोरे आजूबाजूला पांगले, काळ्यांना त्या जिल्ह्यात दुसरीकडे कुणी घर देईना. तिथल्या एका काळ्या जोडप्यानं 2020 साली घराची किंमत करून घेतली. 9 लाख 95 हजार डॉलर. त्यांना ती पटली नाही. मग त्यांनी भिंतीवरचे घरच्यांचे फोटो काढले, एका गोऱ्या मैत्रिणीला घरमालकीण म्हणून उभं केलं, तिच्या घरचे फोटो मांडले आणि दुसऱ्या माणसाकडून पुन्हा किंमत करून घेतली. 14 लाख 82 हजार 500! काही आठवड्यांत. तेच घर. बाल्टिमोरच्या एका काळ्या प्राध्यापक जोडप्यानं 2021 मध्ये हेच केलं : 4 लाख 72 हजाराचे 7 लाख 50 हजार झाले. घराच्या बाबतीत वर्णभेद करायचा नाही असा कायदा तिकडे 1968 पासून आहे, तरी. ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर 1966 ला उभी राहिली, तिचं नाव घेऊन आपली पोरं 1972 ला मुंबईत उभी राहिली. मरीन सिटी त्या ऑकलंडहून उपसागराच्या पल्याड, फार लांब नाही.

पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. त्यांच्याकडे दोन कागद होते. दोन आकडे, खाली सह्या. ते कोर्टात गेले. मरीन सिटीवाल्यांची तडजोड 2023 ला झाली, बाल्टिमोरवाल्यांची 2024 ला. आपल्याकडे कागदच नाही. आपल्याकडे जात बोलली जाते, लिहिली जात नाही. "पार्टीनं दुसरीकडे बघितलं." "वास्तू जमत नाही." "फॅमिली व्हेज आहे." बस. मी एजंटला म्हटलं, फोटोपायी तीन लाख कमी, एवढं एका चिठ्ठीवर लिहून दे. तो हसला. पाणी प्यायला. गेला.

आता आपलेच शहाणे म्हणतील, एवढं काय, बाबासाहेबांनीसुद्धा बडोद्याला 1917 साली पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत मुक्काम केला होता. केला होता. कोलंबियाहून शिकून आलेल्या माणसाला त्या शहरात डोकं टेकायला जागा नव्हती. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. पण त्यांनी ते लपवलं नाही. स्वतः लिहून ठेवलं, जखमेसारखं. तुम्ही ती जखम दाखवून तीन लाखांची सूट मागताय?

सांगतो, मीही उतरवला होता. पहिल्या शनिवारी. रंग ताजा, नळ नवा, भिंतीत नुसता खिळा. नवरा-बायको आले, बाई चांगल्या होत्या. सहज विचारलं, "इथे काय होतं, घड्याळ?" मी तोंड उघडायच्या आत आई पलंगावरून बोलली, "बाप होता आमचा. पोरानं उतरवलाय, तुमच्यासाठी."

ते गेल्यावर आईनं मला जेवायला वाढलं नाही. गुडघे धरून उठली, कपाट उघडलं, फोटो पदरानं पुसला. चढवला मी, कारण तिचा हात पोचत नव्हता.

तेव्हा ज्यांची घरं विकायची आहेत त्यांनी ओल काढावी, फाईल करावी. ट्रान्स्फर प्रीमियम महापालिका हद्दीत 25 हजारांच्या वर घेता येत नाही. सेक्रेटरी डोनेशन मागेल, त्याला पावती मागा. आणि एक वही घाला. तारीख, एजंटचं वाक्य, फोटो बघण्याआधीचा आकडा, फोटो बघितल्यानंतरचा आकडा. आपला कागद आपणच करायचा. दहा वह्या झाल्या की इथे छापू. माझ्या वहीत आजवर दोन नोंदी आहेत.

रविवारी चार वाजता तिसरं गिऱ्हाईक येतंय. स्टिकर नवा आणलाय, जुना उन्हानं उडाला होता. आईनं बोंबील आणायला सांगितलेत.