कापूस पाण्यावर का तरंगतो?

धामणगाव रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ. हंगामात शेतकऱ्याची गाडी खरेदी केंद्रावर उभी राहते, ग्रेडर ओलावा मोजण्याचे यंत्र कापसात खुपसतो आणि त्यावर उमटणारा आकडा त्या घराच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल ठरवतो. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे भावात कपात होते आणि 12 टक्क्यांवरचा माल नाकारला जातो. आकडा बरोबर की चूक, हे विचारण्याचे धैर्य फारच थोड्यांना होते.

याच शेतकऱ्यांची मुले शाळेत द्रव्याचे गुणधर्म शिकतात. घनता, स्थितिस्थापकता, पृष्ठताण यांच्या व्याख्या त्यांना मुखोद्गत असतात. दहावीच्या विज्ञानात 100 पैकी 20 गुण प्रात्यक्षिकांचे आहेत. प्रत्यक्षात अनेक शाळांत प्रयोग फळ्यावरच उरकतो आणि निरीक्षणे मार्गदर्शकातून वहीत उतरतात. जे पाहिले नाही त्याची नोंद करावी, वरून आलेला आकडा मुकाट्याने लिहून घ्यावा, हाच धडा मुले सर्वांत पक्का शिकतात. खरेदी केंद्रावरची मूक मान अशा वहीतच घडत असते.

साधनांच्या अभावाची सबब येथे टिकणारी नाही. सरकीपासून वेगळी केलेली रुई पाण्यात टाकली तर ती तरंगते. तोच कापूस धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात चांगला उकळून, धुऊन, वाळवून पुन्हा टाकला तर तो भिजून बुडतो. तंतूचे द्रव्य पाण्याहून सुमारे दीडपट घन आहे. त्यावरचे नैसर्गिक मेण पाण्याला आत शिरू देत नव्हते आणि अडकलेली हवा कापसाला तरंगवत होती. घनता आणि पृष्ठताण हे दोन्ही धडे एका बादलीत शिकता येतात. 100 ग्रॅम कापूस तोलून उन्हात वाळवावा आणि पुन्हा तोलावा. वजन 96 ग्रॅम भरले तर 4 ग्रॅम पाणी उडाले, म्हणजे क्विंटलमागे 4 किलो. ओला कापूस वीज अधिक वाहू देतो आणि ओलावा मोजणारी अनेक यंत्रे याच गुणधर्मावर चालतात, हे कळल्यावर त्या यंत्राचे गूढ उरत नाही.

हा विचार या भूमीला नवा नाही. धामणगावच्या पुढे, याच लोहमार्गावरील वर्ध्याला, ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून ज्ञान देणाऱ्या नई तालीमचा पाया घातला गेला. मध्य प्रदेशात 1972 साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी होशंगाबाद जिल्ह्यातील 16 उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्यास आरंभ केला. पुढे शेकडो शाळांत पोहोचलेला हा उपक्रम तेथील शासनाने 2002 साली बंद केला. ग्रामीण मुले प्रयोग करू शकतात हे तीस वर्षांत सिद्ध झाले. त्यांना तो हक्क टिकवू द्यावा, एवढी राजकीय इच्छा मात्र नव्हती.

प्रयोगाने भाव वाढत नाही, हे खरे. भाव संघटनेच्या बळावरच मिळतो. परंतु जी संघटना माप तपासू शकत नाही, तिला मापाविरुद्ध लढताही येत नाही. शहरातील खासगी शिकवणीला जाणाऱ्याचे प्रयोगावाचून एक वेळ निभावेल. शेतमजुराच्या मुलाला शाळेखेरीज दुसरी प्रयोगशाळा नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठकींना जावे, प्रयोगवह्या पाहाव्यात, प्रयोगशाळेच्या कपाटाचे कुलूप उघडण्यास सांगावे. विज्ञान शिक्षकांची रिक्त पदे भरण्याची मागणी तालुक्याच्या प्रत्येक मोर्चात असावी. नागरिकाने वैज्ञानिक दृष्टी बाळगावी, असे कर्तव्य 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने सांगितले आहे. ते बजावण्याचे साधन शासनाने मुलांच्या हाती दिले पाहिजे. हाताने तोलून पाहिलेली मुलगी उद्या वडिलांबरोबर केंद्रावर उभी राहील आणि विचारील, ‘साहेब, पुन्हा मोजा.’