खार्दुंग लाचा उतार

या महिन्यात वाचकांना लडाखला न्यायचं ठरवलं आहे, तेही जानेवारीतल्या लडाखला. रस्त्यावर तेव्हा बर्फ असतो, म्हणून आम्ही आणि आमचा भाचा सायकली खोक्यात भरून विमानानेच लेहला उतरलो. लेह मुळात साडेतीन हजार मीटर उंचीवर. पहिले तीन दिवस फक्त खाणं, झोपणं आणि जामा मशिदीजवळच्या नानबाईंच्या गरम तंदूर रोट्या. उतरल्या दिवशीच सायकल बाहेर काढण्याचा भाच्याचा हट्ट आम्ही मोडून काढला. विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. तिथे तरुणपण कामाला येत नाही.

निघताना आपांनी एवढंच म्हटलं होतं, "भाईजान, पोराला तुमच्या भरवशावर पाठवतेय."

खार्दुंग ला लेहपासून साधारण 39 किलोमीटर. खिंडीवरच्या जुन्या पाटीवर उंची 18,380 फूट लिहिलेली होती. प्रत्यक्षात ती 5,359 मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या किंचित वर. आठशे फूट त्या पाटीने आपल्या पदरचे घातले होते. तरी श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जवळपास निम्माच. सीमा सडक संघटनेचा हिमांक प्रकल्प बर्फ काढत राहतो म्हणून हा रस्ता हिवाळ्यातही बराचसा चालू असतो.

साउथ पुल्लूपर्यंत आम्ही सायकली गाडीवर टाकून नेल्या. पुरते सायकलस्वार याला लबाडी म्हणतील, म्हणोत बापडे. हिवाळ्यात दिवस लहान, आणि अंधारात त्या वळणांवर राहायची आमची तयारी नव्हती. गाडीवाला पुढे नॉर्थ पुल्लूला थांबणार होता.

उरलेल्या पंधरा किलोमीटरच्या चढाला चार तास लागले. चाकांना खिळ्यांचे टायर होते, त्यांचा बर्फावर करकर आवाज. पाण्याच्या बाटल्या उलट्या अडकवल्या होत्या. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणून बूच खाली ठेवलं की तोंड मोकळं राहतं. रोट्या आणि मोबाइल सदऱ्याच्या आत, अंगाला लागून. आश्चर्य असं की चढताना थंडी वाजतच नव्हती. उलट घाम येत होता, आणि खरा घात त्या घामानेच केला.

माथ्यावर पताका फडफडत होत्या. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. पाणी गोठलेलं, तेव्हा कड्याच्या आडोशाला कोरड्या मातीवर तयम्मुम करून आम्ही दोघांनी जोहर कसर पढली. मग भाच्याने फोटो काढायला घेतले. हातमोजे काढून सायकलवर ठेवले होते, आतून घामाने ओले. दहा मिनिटांत ते लाकडासारखे झाले. त्याने तसेच चढवले आणि आम्हाला काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायला सांगितली, तेवढ्यावर समाधान मानलं. वारा अडवायला तो कागद उत्तम, पण बोटांना त्याचा काय उपयोग?

उतारावर पायाला काम नसतं, अंगात ऊब तयार होत नाही, आणि वाऱ्याचा वेग मात्र वाढतो. त्यात उत्तरेची बाजू, सावलीतली. तिसऱ्या की चौथ्या वळणावर आम्ही मागे पाहिलं तर भाचा सरळ येतोय. ब्रेक दाबायला बोटं मिटतच नव्हती. सुदैवाने त्याने सायकल डोंगराच्या अंगाला बर्फाच्या ढिगात घातली. दुसऱ्या अंगाला कठडा नव्हता.

मोजे काढले तर बोटांची टोकं मेणासारखी पांढरी. तो बर्फ घेऊन चोळायला लागला, कुणाकडून तरी ऐकलेलं. आम्ही हात धरला. चोळल्याने गारठलेली कातडी आणखी दुखावते. मग आमचं जाकीट उघडून त्याचे दोन्ही हात आमच्या काखांत घेतले आणि तिथेच बसलो. अंगातून कळ गेली, अल्लाह! वीस मिनिटांनी त्याच्या बोटांत वेदना सुरू झाल्या आणि एकवीस वर्षांचा मुलगा हुंदके देऊन रडला. ते रडणं ऐकून आमच्या जिवात जीव आला.

"कधीपासून कळत नव्हतं?"

"माथ्यावरूनच, मामू. तुम्ही खिंडीसाठी दोन वर्षं थांबला होता ना."

आमचे कोरडे राखीव मोजे पिशवीत तळाशी होते. ते त्याला घातले आणि पुढे सायकली हातात धरून चालत उतरलो. गाडीत बसताच त्याने हात हीटरच्या झोताशी नेले. ते मागे ओढावे लागले, कारण बधिर बोटांना भाजलेलं समजत नाही. सुदैवाने फोड आले नाहीत. दोन-तीन टोकांची साल मात्र आठवड्याभरात निघाली.

परतताना विमानात तो हळूच म्हणाला, "मामू, अम्मीला सांगू नका." आम्ही हो म्हटलं होतं. पण आपा हे मासिक पहिल्या पानापासून वाचतात, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.