मुंबईचा संघ कल्याणच्या गाडीने येतो

मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर विदर्भाला १६९ धावांनी नमवून मुंबईने रणजी करंडक ४२ व्या वेळी जिंकला. वृत्तपत्रांनी नेहमीप्रमाणे शिवाजी पार्क, दादर युनियन आणि मुंबईच्या ‘खडूस’ परंपरेचे गोडवे गायले. ते योग्यच होते. परंतु त्या अकरा जणांची नावे जरा निरखून पाहिली असती, तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली असती. कर्णधार अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढलेला. पहिल्या डावात संघ कोसळत असताना ७५ धावा काढून लाज राखणारा शार्दूल ठाकूर पालघरचा. सलामीला आलेला पृथ्वी शॉ विरारचा आणि वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे कल्याणचा. म्हणजे २०१४ मध्ये पालघर वेगळा होण्यापूर्वीचा जो अखंड ठाणे जिल्हा, त्यातले किमान चौघे त्या अंतिम सामन्यात होते. ज्या संघाला आपण मुंबईचा म्हणतो, त्याचा बराचसा भाग सकाळच्या लोकलने मुंबईत येतो!

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक आपल्याकडे राखला, तेव्हा गिरगाव, दादर, माटुंगा ही मराठी मध्यमवर्गाची वस्ती होती. पुढे जागेच्या किमतींनी हा वर्ग आधी मुलुंड-ठाण्याला आणि मग डोंबिवली-कल्याणला नेऊन सोडला. वाडे आणि चाळी सुटल्या, नाट्यवेड आणि क्रिकेटवेड मात्र सामानाबरोबर आले. माणसे आली तशी मैदाने आली नाहीत, एवढाच काय तो फरक. आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

ठाण्याचे क्रिकेट मात्र या स्थलांतराहून जुने आहे. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तीन कसोटी सामने खेळलेले डावखुरे फलंदाज खंडू रांगणेकर हे ठाण्याचे. क्षेत्ररक्षणासाठी त्यांचा लौकिक होता आणि बॅडमिंटनमध्येही ते अव्वल दर्जाचे खेळाडू होते. ठाण्यातल्या बॅडमिंटन हॉलला त्यांचे नाव आहे, पण तिथे शटल मारणाऱ्या किती मुलांना हे गृहस्थ ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध खेळले होते हे ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

डोंबिवलीकरांना नीलेश कुलकर्णी आठवत असेल. ऑगस्ट १९९७ मध्ये कोलंबोला कसोटी पदार्पणातल्या पहिल्याच चेंडूवर त्याने मर्वन अटापट्टूला बाद केले. असा पराक्रम करणारा तो पहिला भारतीय गोलंदाज. त्यानंतर जे घडले ते क्रूर विनोदासारखे होते. जयसूर्या आणि महानामाने ५७६ धावांची भागीदारी केली, श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावांचा डोंगर रचला आणि आपल्या नीलेशला सत्तर षटके टाकूनही दुसरा बळी मिळाला नाही. कसोटी सामने त्याच्या वाट्याला तीनच आले. मुंबईसाठी मात्र तो वर्षानुवर्षे निष्ठेने गोलंदाजी करीत राहिला. रणजीचा संघ अशाच माणसांवर उभा असतो.

रहाणेची कथा बहुतेकांना पाठ आहे. डोंबिवलीतले शालेय शिक्षण, कराटेतला काळा पट्टा, पाठीवर किट घेऊन गर्दीच्या गाडीतून मुंबईच्या मैदानांकडे प्रवास आणि प्रवीण आमरे यांचे मार्गदर्शन. २००७ मध्ये कराचीत निस्सार करंडकाच्या सामन्यात मुंबईकडून पदार्पण करताना त्याने शतक काढले. पुढे मेलबर्नला कर्णधार म्हणून काढलेले ११२ आणि जानेवारी २०२१ मधला ब्रिस्बेनचा विजय हा इतिहास झाला. त्याच ब्रिस्बेनला पालघरच्या शार्दूलने ६७ धावा करून डाव सावरला होता, हेही विसरू नये.

पण मला विशेष बोलकी वाटते ती तुषार देशपांडेची हकीगत. ती त्यानेच मुलाखतींतून सांगितली आहे. लहानपणी निवड चाचणीसाठी तो शिवाजी पार्क जिमखान्यावर गेला, तो फलंदाज म्हणून. फलंदाजांची रांग लांबलचक आणि परतीची गाडी तर पकडायची! गोलंदाजांची रांग आखूड होती, म्हणून तो तिकडे जाऊन उभा राहिला. कल्याण लोकलच्या वेळापत्रकाने मुंबईला एक वेगवान गोलंदाज दिला असे म्हटले, तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि आतला फलंदाज काही मेला नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने १२३ धावा काढल्या. दुसऱ्या बाजूला तनुष कोटियन १२० धावांवर नाबाद राहिला. अखेरच्या जोडीने २३२ धावांची भर घातली. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही एकाच डावात शतक करण्याची ही प्रथम श्रेणी क्रिकेटमधली दुसरीच वेळ. पहिली १९४६ सालची, ओव्हलवर सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची.

आता नाण्याची दुसरी बाजू. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ पासून अबाधित असलेला ए. ई. जे. कॉलिन्सचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. रिक्षाचालकाचा मुलगा एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला. मैदान आखूड होते, समोरचा संघ कोवळा होता, हे सारे खरे. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात काय घडले? केंद्रीय मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी कल्याणच्या सुभाष मैदानावर हेलिपॅडची तयारी सुरू झाली, सराव करणाऱ्या मुलांना मैदान सोडायला सांगण्यात आले, वाद झाला आणि प्रणवला पोलीस ठाण्यात नेण्यात आले. मंत्री कोणत्या पक्षाचे होते हा प्रश्न येथे गौण आहे; आपल्या विचारांचे असले म्हणून मैदानाचा उपयोग बदलत नाही. मैदान म्हणजे मोकळी पडलेली जागा, अशीच आपल्या प्रशासनाची समजूत आहे. सभा, प्रदर्शने, विवाह सोहळे, फटाक्यांचे बाजार यांतून वेळ उरलाच, तर मुलांनी खेळावे!

यामागे कायद्याचेही एक कारण आहे, ते नागरिकांनी समजून घ्यावे. विकास आराखड्यात भूखंडावर ‘खेळाचे मैदान’ असे आरक्षण पडते. परंतु १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत ती जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप गळून पडते. कोणी उघड मैदान बळकावत नाही, फक्त मुदत उलटू दिली जाते. नगरसेवक मते मागायला दारात येतात, तेव्हा रस्ता आणि पाणी यांबरोबर प्रभागातल्या मैदानाच्या आरक्षणाची तारीखही त्यांना विचारावी. बहुधा ते गडबडून जातील.

ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडागृह आहे, सेंट्रल मैदान आहे. आयपीएलच्या संघांनी दादोजीवर सरावही केला. पण टी-ट्वेंटी मुंबई लीगच्या २०२५ च्या हंगामात ठाण्याच्या नावाचा संघ उतरला, तो खेळला मात्र वानखेडे आणि नेरूळला. नाव ठाण्याचे, खेळ अन्यत्र!

विदर्भाकडे पाहावे. निवासी अकादमी उभारून, गावोगावची मुले हेरून त्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा रणजी जिंकले. शेवटच्या खेपेस तर उपांत्य फेरीत मुंबईलाच घरी पाठवले. मुंबईच्या संघटनेचे कार्यक्षेत्र ठाणे आणि पालघर जिल्ह्यांपर्यंत पसरले आहे. खेळाडू तेथून घ्यायचे आणि चांगल्या खेळपट्ट्या, महत्त्वाचे सामने नि निवड चाचण्या मात्र बहुतांशी आझाद मैदान, शिवाजी पार्क आणि वांद्र्यातच ठेवायच्या, हा व्यवहार किती दिवस चालणार? प्रवासाच्या हालअपेष्टांनी खेळाडू कणखर होतो, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो करणारे बहुधा चर्चगेटजवळ राहतात. रहाणे आणि तुषार टिकले म्हणून ते आपल्याला दिसले. गाडीच्या दारात किट अडकले म्हणून, शाळा बुडते म्हणून, आईला काळजी वाटते म्हणून चौदाव्या वर्षी ज्यांनी खेळ सोडला, त्यांची नोंद कोणत्या धावफलकावर असणार?

वयोगटाच्या चाचण्यांचा एक दिवस कल्याणला आणि एक ठाण्याला ठेवणे संघटनेला अवघड नाही. कांगा लीगचे काही सामने खाडीपलीकडे आणता येतील, मात्र त्यासाठी तिथे रोलर, पाणी आणि माळी लागेल. तो खर्च महापालिका व संघटना यांनी मिळून उचलावा. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलापासून आरंभ करायला काय हरकत आहे?