गांधीजी, स्टुडबेकर आणि आमची शाखा

बँकेत स्वतः जाऊन पासबुक भरून घेण्याची माझी हौस या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. मागे त्यावर लिहिलं तेव्हा कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या समस्त तरुण पिढीनं ‘काका, अ‍ॅप घ्या’ असा सल्ला पाठवला होता. अ‍ॅप आहे हो. त्याच अ‍ॅपनं या आठवड्यात मला कळवलं की माझं केवायसी संपलंय आणि मुदतीत शाखेत आलो नाही तर खातं गोठवलं जाईल. शाखा आमच्याच पेठेत. तिथला शिपाई मला ‘काय काका, आज कुणाचा नंबर?’ असं विचारतो. तरी हा माणूस तोच, याचा कागद हवा होता.

नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. कमी जोखमीच्या ग्राहकाचं केवायसी दहा वर्षांनी, मध्यम जोखमीच्याचं आठ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्याचं दोन वर्षांनी ताजं करायचं, असं रिझर्व्ह बँक सांगते. माहितीत काहीच बदल नसेल तर ग्राहकानं तसं स्वतः लिहून दिलेलं पुरतं, हेही तिनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. मी त्याची छापील प्रत घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं ती शांतपणे वाचली आणि म्हणाली, ‘‘बरोबर आहे काका, पण सिस्टिम पुढेच जात नाही.’’ म्हटलं, मग साहेबांना विचारू. ‘‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’’

साहेब काचेच्या केबिनमध्ये होते. एकटे. मीटिंग कानाला लावलेल्या मोबाइलमध्ये असावी. माझ्या मागे रांग वाढत होती. एक गृहस्थ त्या मुलीला ‘तुम्हाला पगार कशाचा देतात?’ असं विचारून मोकळे झाले. एका आजींना त्यांचं पेन्शन कुठे अडकलंय ते कुणीच सांगत नव्हतं. मुलगी प्रत्येकाला ‘सॉरी’ म्हणत होती. सिस्टिम तिनं केलेली नाही, नियम तिनं केलेला नाही, रांगेला एकच खिडकी ठेवायची हेही तिनं ठरवलेलं नाही. सॉरी मात्र तिच्या वाट्याला. आवाज चढले तसं साहेबांनी एकदा काचेतून बाहेर पाहिलं आणि पट्ट्यांचा पडदा ओढून घेतला.

तेव्हा माझी तक्रार केवायसीबद्दल नाही. त्या पडद्याबद्दल आहे.

वेळ घालवायला भिंतीकडे पाहत बसलो, तर गांधीजी. हसरे, चष्म्यातले, आणि शेजारी तो सुप्रसिद्ध मजकूर: ग्राहक हाच आपल्याकडे येणारा सर्वांत मोठा माणूस, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, सेवेची संधी देऊन तोच आपल्यावर उपकार करतो, वगैरे. ही तसबीर भारतातल्या प्रत्येक बँकेत, पोस्टात, विमा कचेरीत आणि बऱ्याच किराणा दुकानांत आहे. काही ठिकाणी खाली ‘दक्षिण आफ्रिकेतील भाषण, 1890’ अशी ओळही असते. ती वाचून मला दरवेळी गुदगुल्या होतात, कारण 1890 मध्ये गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले 1893 मध्ये.

मग हे म्हटलं कुणी? शोधणाऱ्यांना हा मजकूर 1941 च्या अमेरिकेत सापडला. तिथे तो केनेथ एलियट नावाच्या गृहस्थांच्या नावावर छापलेला आहे. हे गृहस्थ स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख होते. म्हणजे मोटारी विकणाऱ्याचं बोधवचन आपण चरखा चालवणाऱ्याच्या तोंडी घातलं. गांधीजींचे समग्र लेखन इंग्रजीत शंभर खंडांत आहे, इतकं लिहून ठेवलेल्या माणसाला उसनी वाक्यं चिकटवायची आपल्याला काय गरज पडावी? (स्टुडबेकरनं 1966 मध्ये मोटारी बनवणं बंद केलं. नुसत्या सुभाषितावर गिऱ्हाईक टिकत नाही, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण मला तसं म्हणायला आवडतं.)

आणि गांधीजीच हवे असतील तर पुण्याला अमेरिकेपर्यंत जायचं कारण नाही. बँकेपासून रिक्षानं थोड्या अंतरावर ससून रुग्णालय आहे. जानेवारी 1924. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. अपेंडिक्स सुजलं म्हणून त्यांना ससूनमध्ये हलवलं. शल्यचिकित्सक होते कर्नल मॅडॉक, इंग्रज सरकारचे नोकर. रुग्ण त्याच सरकारचा कैदी, आणि काही बरंवाईट झालं तर देश पेटणार हे दोघांनाही माहीत. मुंबईचे ओळखीचे डॉक्टर वेळेत येऊ शकत नव्हते. भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं गेलं आणि त्यांच्या साक्षीनं, या डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, असं निवेदन गांधीजींनी सही करून दिलं. 12 तारखेच्या रात्री शस्त्रक्रिया सुरू झाली आणि मध्येच वीज गेली. विजेरी धरली, तीही विझली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. पुढे 5 फेब्रुवारीला सरकारनं गांधीजींना सोडलं. ती खोली ससूननं स्मारक म्हणून जपली आहे.

मॅडॉकसाहेबांकडे बोलायला कारणं भरपूर होती. वीज त्यांच्या खात्यात येत नव्हती. कैदी तुरुंग खात्याचा. हाताखालच्या डॉक्टराला पुढे करून स्वतः ‘मीटिंग’मध्ये राहता आलं असतं, म्हणजे उद्या चौकशी झाली तर सही दुसऱ्याची. ते टेबलाशी उभे राहिले. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे शिकवतात की नाही, कल्पना नाही. शिकवत असतील तर स्लाइडवर बहुधा कुणीतरी अमेरिकन असेल.

पुण्याला ग्राहकसेवेवर बोलायचा अधिकार काय, असं काही मुंबईकर वाचक लगेच लिहितील. लिहा. आपल्या दुकानदारांवर पुलंनी हसून घेतलं आणि त्यानंतर सगळ्या महाराष्ट्रानं. पाट्यांचे तर आता फ्रिजला लावायचे मॅग्नेट निघालेत. पण माझं मत, आणि ते मी बदलणार नाही, असं की त्या पाट्यांमागे एक प्रामाणिकपणा होता. काय मिळणार नाही ते दारातच लिहिलेलं असायचं आणि ते खरंच मिळायचं नाही. भिलवडीहून आलेल्या चितळ्यांनी 1950 मध्ये पुण्यात दुकान थाटलं. दुपारी एक ते चार बंद, या त्यांच्या वेळेवर तीन पिढ्यांनी विनोद केले, पण चारला दार उघडलं नाही असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. 2017 मध्ये त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर ती वर्तमानपत्रांत बातमी झाली. जुन्या दुकानाच्या गल्ल्यावर बहुधा मालकच बसलेला असे. भांडायचं तर थेट त्याच्याशी भांडता येई. तो तुमचा अपमान करी, हे मान्य, पण स्वतः करी. त्यासाठी त्यानं बावीस वर्षांची मुलगी नेमलेली नसे.

आता उलट झालंय. आवाज मधाळ, आणि मागे कुणी नाही. माझा भाचा खराडीच्या एका कॉल सेंटरमध्ये टीम लीडर आहे. जेवायला आला होता, त्याला म्हटलं, मी ‘तुमच्या वरिष्ठांना द्या’ म्हणतो तेव्हा फोनवर येतो तो कोण असतो रे? तो हसायला लागला. ‘‘मामा, खूपदा शेजारच्या खुर्चीतलाच पोरगा असतो. आवाज जरा जाड असला की झालं.’’ त्याच्याकडून कळलं की एक कॉल सरासरी किती मिनिटांत संपवला यावर पोरांची कामगिरी मोजतात. त्याला ते एएचटी म्हणतात. म्हणजे आजोबा गोंधळलेत, त्यांना दोनदा सांगायला हवं, असं वाटलेल्या मुलाचा आकडा बिघडतो. आणि ‘तुमची गैरसोय मी समजू शकते’ हे वाक्य न म्हटल्यास गुण कापतात. ‘‘मग तू काय करतोस?’’ असं विचारलं. म्हणाला, ‘‘ग्राहक फारच चिडला तर मी हेडसेट मागून घेतो. खरा मीच बोलतो. माझ्या टीमचा आकडा त्यामुळे वाईट दिसतो, पण टीममधलं कुणी सोडून जात नाही.’’ त्याच्या कंपनीनं त्याला दोन दिवस मुळशीच्या रिसॉर्टमध्ये नेतृत्वविकास शिबिराला पाठवलं होतं. तिथे डोळे बांधून दोरी ओढायला लावली. हेडसेट मागून घ्यायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते आमच्या बहिणीचं श्रेय, असं मी म्हणालो. त्यानं पुरणपोळी वाढून घेतली.

लेजरच्या काळात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका सहकारी बँकेत माझं खातं होतं. तिथल्या मॅनेजरांनी आपलं टेबल केबिनमधून उचलून हॉलमध्ये, दाराच्या समोर मांडलं होतं. केबिनमध्ये स्टेशनरी. एकदा एका कापड दुकानदाराचा चेक भलत्याच खात्यात पडला आणि तो कारकुनाला अद्वातद्वा बोलायला लागला. मॅनेजर उठून मध्ये आले. ‘‘चूक बँकेची आहे, म्हणजे माझी. याला बोलू नका, मला बोला. आधी बसा.’’ माणूस बसला. बसलेल्या माणसाला ओरडता येत नाही, हे त्या साहेबांना ठाऊक असणार. नंतर त्यांनी कारकुनाला स्टेशनरीच्या खोलीत नेलं आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आत काय झालं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कळायला नकोच होतं. गिऱ्हाइकासमोर हाताखालच्या माणसाची बाजू घ्यायची आणि बंद दाराआड त्याची खरडपट्टी काढायची. हल्ली बरेच साहेब हा क्रम नेमका उलटा करतात.

असो, आमच्या शाखेत परत. मी तक्रार वही मागितली. ‘कोणती वही?’ असा प्रश्न आला. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या परिपत्रकात ती आहे. प्रत्येक शाखेत तक्रार वही हवी, तिची पानं छिद्रांवरून फाडता यावीत, आणि लिहिणाऱ्याला पोच म्हणून एक प्रत लगेच मिळावी. स्टेट बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष गोईपोरिया यांच्या समितीनं 1991 मध्ये ग्राहकसेवेवर अहवाल दिला होता. काम सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी कर्मचाऱ्यांनी जागेवर असावं आणि वेळ संपण्यापूर्वी आत आलेल्या प्रत्येकाचं काम करून द्यावं, अशा साध्या गोष्टी त्यात होत्या. शिपायानं जुन्या कॅलेंडरांच्या मागून वही काढली. कोरी करकरीत. पहिल्याच पानावर कुण्या तपासनिसाचा शेरा होता: ‘वही पाहिली. एकही तक्रार नाही. समाधानकारक.’

मी लिहिली. मुलीनं काम उत्तम केलं, हे आधी लिहिलं. मग पडद्याचं लिहिलं. प्रत फाडून घेतली. तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा पटेल असं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. हे सगळं आपल्याला आयतं मिळालेलं नाही. 1974 मध्ये याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकाचा म्हणून वेगळा कायदाच देशात नव्हता. तो व्हायला 1986 उजाडलं. आणि आपण त्यांच्या गावातले लोक वही मागायला लाजतो आणि खिडकीतल्या मुलीवर ओरडून घरी जातो.

परिपत्रकात आणखी एक कलम आहे आणि ते मला वहीपेक्षा आवडतं. प्रत्येक शाखेची एक ग्राहक सेवा समिती असावी, तिच्यात ग्राहकही असावेत, शक्यतो एक ज्येष्ठ नागरिक असावा, आणि तिनं महिन्यातून एकदा तरी बसावं. तुमच्या शाखेची अशी बैठक शेवटची कधी झाली आणि पुढची कधी आहे, हे येत्या सोमवारी जाऊन विचारा. विचारताना आवाज चढवू नका, आणि उत्तर मॅनेजरांकडूनच घ्या. ज्यांनी तारीख सांगून तुम्हाला बोलावलं, त्या शाखांची नावं मला कळवा. ती मी याच सदरात छापीन.