बारसे झाले, बाळ कुठे आहे?

राजोडीच्या किनाऱ्यावर ओहोटीला पडलेले जुने शिंपले उलटून पाहत गेलात, तर एखाद्यावर पांढरी, बारीक जाळी चिकटलेली दिसेल. ती ब्रायोझोआ नावाच्या जिवांची वसाहत असू शकते. एकेक खोली बहुधा मिलिमीटरहूनही लहान आणि प्रत्येक खोलीत एक जीव! जीव मरतात, चुन्याची जाळी उरते, आणि तिचाच पुढे जीवाश्म होतो.

महाराष्ट्राचा बहुतेक खडक लाव्हाचा. त्यात समुद्री जीवाश्म कुठले मिळणार? किनाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले आर. एम. बडवे यांनी एम. ए. सोनार यांच्यासह १९९७ साली महाराष्ट्र-गोव्याच्या किनाऱ्यावरील होलोसीन काळातल्या, म्हणजे गेल्या सुमारे ११,७०० वर्षांतल्या, ब्रायोझोआ जीवाश्मांवर शोधनिबंध लिहिला. आपल्यापैकी किती जणांच्या कानावर हे आले? असो.

अशा जिवाची नवी जाती जाहीर करणे म्हणजे नुसते नाव ठेवणे नव्हे. शाळेत 'वर्णन करा' म्हटले की मुले 'सुंदर', 'मनोहर' अशी विशेषणांची रास घालत. इथे ते चालत नाही. खोलीची लांबी-रुंदी किती, तोंडाचा आकार कसा, काटे किती, छिद्रे कुठे, आणि जवळच्या भाऊबंदांहून ही जाती वेगळी कशी, ते मोजून सांगावे लागते. शिवाय प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, २००० सालापासून नव्या जातीचा आधारनमुना नेमून द्यावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे हेही लिहावे लागते. उद्या कुणीही म्हणू शकतो, दाखवा पाहू!

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या डायनासोरचेच पाहा. १९९७ साली त्याला 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' हे नाव मिळाले. २००३ साली इतर अभ्यासकांनी तो त्या प्रजातीतला नाही असे ठरवून 'आयसिसॉरस' ही नवी प्रजाती केली. यात पहिल्यांचा अपमान नाही. हाडे जपलेली होती, म्हणूनच हा वाद पुराव्यानिशी होऊ शकला.

आणि हीच गोष्ट आपण विसरतो. नवी जाती सापडली की पेपरात फोटो येतो, थाटात बारसे होते. पण नमुन्याचे कपाट, त्यावरची चिठ्ठी, ते सांभाळणारा माणूस यांची चौकशी कोण करतो? २०१६ साली दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय आगीत जळाले, २०१८ साली ब्राझीलमधले रिओचे राष्ट्रीय संग्रहालय. आधारनमुना गेला की उरते ते फक्त कागदावरचे वर्णन. शंका आली तर विचारायचे कुणाला?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की जितका पैसा आणि मान नव्या शोधाला, तितकाच संग्रह सांभाळणाऱ्यालाही मिळायला हवा. नाव उद्या बदलले तरी बिघडत नाही. नमुना हरवता कामा नये.