पवईचे मिक्सर आणि आमचा प्रेसमड

पवई म्हटली म्हणजे आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें तलाव, आय. आय. टी. आणि उंच उंच इमारती उभ्या राहतात. परंतु १८२९ सालीं कंपनी सरकारनें ही इस्टेट ज्या फ्रामजी कावसजींस दिली, ते पुढें पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि व उद्यान मंडळाचे उपाध्यक्ष झालेले गृहस्थ होते. आणि पवईच्या जमिनींत उंसासारख्या पिकांचे प्रयोगही त्यांनीं करून पाहिले होते. त्या उंसाचा आज मागमूस नाहीं. त्याच पवईवरून जाणाऱ्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर गेलीं कित्येक वर्षें काँक्रीटचे मिक्सर गर्दींत अडकून उभे दिसतात. गाडी जागची हालत नाहीं, पण पिंप फिरतें ठेवावें लागतें, म्हणून इंजिन चालूच राहतें आणि धूर निघतच राहतो.

ह्या गाड्या विजेवर कां चालवीत नाहींत, असें कोणीही सहज विचारील. विजेच्या गाड्यांशीं आमचें कांहीं वैर नाहीं. चीनमध्यें विजेचे मिक्सर रस्त्यावर आहेत, आणि जेथें खेप जवळची आहे तेथें ते येथेंही चालावेत. परंतु सहा घनमीटर काँक्रीटचें वजन चौदा टनांहून अधिक भरतें. त्यावर बॅटरीचें वजन चढविलें कीं तितका माल कमी न्यावा लागतो. शिवाय पाणी मिसळल्यापासून सुमारें दोन तासांच्या आंत माल ओतून मोकळें व्हावें लागतें. आमच्याकडे पाहिलें तर अडचण याहून मोठी. गळिताच्या हंगामांत उंसाचा ट्रक रात्रंदिवस फिरतो. ऊसतोडणीचें यंत्र ज्या शिवारांत उभें असतें तेथें शेतीपंपाला वीज मिळते ती दिवसांतून आठ तास, तीही कधीं रात्रीचीच. त्या यंत्राची बॅटरी भरायची कोठें?

म्हणून वीज येईपर्यंत धूर सोडीत बसावें, हा मात्र न्याय नव्हे. एक लिटर डिझेल जळलें कीं अडीच किलोंहून अधिक कार्बनवायू हवेंत जातो. उभ्या गाडीचें इंजिन विनाकारण चालूं न ठेवणें, हवेची जाळी स्वच्छ ठेवणें, टायरांत हवा पुरेशी भरणें, ह्या गोष्टींस भांडवल लागत नाहीं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक जड गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठीं युरियाचें द्रावण लागतें. त्यांत शेतीचा नीमलेपित युरिया विरघळवून ओतण्याचें शहाणपण कोणीं करूं नये. यंत्रणा बिघडते आणि पिकाच्या वांट्याचें खतही जातें.

परंतु खरा उपाय आमच्या मतें जैववायूचा आहे, आणि तो मुंबईस नवा नाहीं. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत १८९७ सालीं मैल्याच्या टांक्यांतून वायू धरण्याची सोय झाली, आणि त्या वायूवर इंजिन चाललें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मिळेनासें झालें तेव्हां सर्व्हिस मोटारी कोळशाच्या वायूवर धांवल्या. आज २८ टनांच्या वर्गांतले गॅसवरचे ट्रक बाजारांत आहेत, आणि गॅसवर फिरविलेला ट्रॅक्टर २०२१ च्या फेब्रुवारींत देशानें पाहिला.

हा वायू आमच्याच उंसांतून निघतो. शंभर टन उंसामागें तीन-चार टन प्रेसमड उरतो, आणि सुमारें पंचवीस टन प्रेसमडापासून एक टन वायू मिळतो. रोज पांच हजार टन ऊंस गाळणाऱ्या कारखान्यास रोजचा सहा ते आठ टन वायू निघूं शकतो. आणि एक किलो वायूंत सव्वा लिटरहून अधिक डिझेलची उष्णता असते. मागणीही तयार होत आहे. मुंबई परिसरांतून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानें काढतां येतील काय, हें पाहण्यासाठीं राज्य सरकारनें २०२५ च्या जानेवारींत समिती नेमली. शहरांतील गॅसमध्यें जैववायू मिसळण्याचें बंधन २०२५-२६ सालीं एक टक्का ठरलें, तें २०२८-२९ पासून पांच टक्क्यांवर जावयाचें आहे.

येथेंच आमच्या वाचकांनीं सावध व्हावयास पाहिजे. आजवर प्रेसमड स्वस्तांत मिळे, त्याचें कंपोस्ट करून आम्ही शेतांत टाकीत असूं. त्याचा गॅस होऊं लागला कीं त्याला भाव येणार, आणि तो भाव कारखान्याच्या खात्यांत जाऊन शेत मात्र उपाशी राहणार, अशी भीति खोटी नाहीं. वायू बनतांना जातात तीं मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन हीं द्रव्यें. नत्र, स्फुरद व पालाश मागें राहिलेल्या गाळांत बहुतेक शाबूत असतात. तो गाळ सभासदानें घातलेल्या उंसाच्या प्रमाणांत त्याच्या बांधावर परत आला पाहिजे. अशा खताच्या विक्रीस केंद्र सरकारनें २०२३ सालीं टनामागें १५०० रुपये साहाय्य मंजूर केलें आहे, तेव्हां वाहतूक परवडत नाहीं ही सबब आम्ही मान्य करणार नाहीं. पाचटाची गोष्ट निराळी. गॅसवाल्यानें पाचट मागितलें तर तें देऊं नये. त्याची जागा सरींत आहे.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. हा वायू म्हणजे मिथेन. तो न जळतां टांकींतून किंवा नळींतून गळला तर शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बनवायूच्या सुमारें अठ्ठावीसपट उष्णता धरून ठेवतो. गळकी टांकी चालविणारा कारखाना पवईचा धूर कमी करीत नाहीं, तो दुसरीकडे हलवितो.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. आपल्या कारखान्यानें गॅसचा प्रकल्प काढला असेल वा काढावयाचा असेल, तर सभेची सूचना हातीं पडतांच सभासदांनीं तीन प्रश्न लेखी पाठवावेत: गाळाचें खत कोणास व कोणत्या दरानें मिळणार, गळतीची तपासणी कोण करणार, आणि कारखान्याच्या स्वतःच्या ऊंसवाहतुकीच्या गाड्या ह्या वायूवर केव्हां चालणार.