एका वेळी एकच काम

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त घडलं ते आतेभावाच्या फोनचं. तो डॅलसला असतो. नवीन रायफल घेतलीय आणि आता घरीच काडतुसं भरायची म्हणतोय. "दादा, दोस्त म्हणतात डायरेक्ट प्रोग्रेसिव्ह प्रेस घे. स्वस्तातलं घेऊन परत दुसरं घ्यायचं कशाला? एकदाच काय ते भारी घे."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं. म्हणून आज जरा तिखट लिहिणार आहे.

आधी आत्या, माई आणि देशातल्या इतर मंडळींसाठी थोडं. घाबरू नका. अमेरिकेत हा सुतारकामासारखा गॅरेजमधला छंद आहे. स्वतःपुरती काडतुसं भरायला इथे केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची म्हटली तर लागतो. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तेव्हा वाचून कुणी तिकडे प्रयोग करू नये. आणि हो, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ब्राँझ मिळवलं, ती रायफल .२२ ची. त्या काडतुसाचा प्राइमर पितळेच्या कडेतच असतो, त्यामुळे ते पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. मी बोलतोय ते मध्यभागी प्राइमर असणाऱ्या काडतुसांबद्दल.

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी. बार उडाला की प्राइमर आणि दारू जळून जाते, गोळी निघून जाते, पुंगळी हातात राहते. ती उडताना फुगलेली असते. तिला डायमधून दाबून मापात आणायचं, जुना प्राइमर काढून नवा बसवायचा, मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. दाबायचं काम ज्या यंत्रावर होतं ते प्रेस.

प्रेस मुख्यतः तीन प्रकारचे. सिंगल स्टेजमध्ये एका वेळी एकच डाय बसते. शंभर पुंगळ्या असतील तर शंभरही आधी मापात आणायच्या, मग डाय बदलून पुढचं काम. टरेटमध्ये डाय फिरत्या डोक्यावर लावून ठेवलेल्या असतात. आणि प्रोग्रेसिव्हमध्ये प्लेटवर चार-पाच पुंगळ्या एकदम असतात, प्रत्येक वेगळ्या टप्प्यावर. दांडा एकदा खाली-वर केला की एक तयार काडतूस बाहेर! बघायला फार सुंदर दिसतं. मीही त्यालाच भुललो होतो.

प्रोग्रेसिव्ह वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पिस्तुलाच्या स्पर्धेसाठी जो आठवड्याला शेकड्यांनी ९ मिमीच्या गोळ्या झाडतो, त्याने सिंगल स्टेजवर बसणं म्हणजे विहीर चमच्याने उपसणं. पण आपली मंडळी घेतात बोल्ट रायफल, जातात महिन्यातून एकदा रेंजवर, झाडतात पन्नास गोळ्या. त्यांना तासाला पाचशेचा वेग हवाय कशाला?

शिवाय रायफलच्या बाबतीत तो वेग बराचसा कागदावरचाच. रायफलची पुंगळी बाटलीसारखी, मानेशी निमुळती. ती दाबायच्या आधी तिला वंगण लावावं लागतं, नाहीतर डायमध्ये अशी अडकते की बाहेर काढता काढता घाम फुटतो. दाबल्यावर ती लांब होते, म्हणून मोजून कापावी लागते. मग कापलेल्या कडा साफ करा, वंगण पुसा. म्हणजे तुमची ती झरझर चालणारी गाडी पहिल्याच स्टेशनावर थांबली! दोस्त लोक हे सांगत नाहीत, आणि व्हिडिओत तर तयार केलेल्या पुंगळ्याच मशीनमध्ये पडताना दिसतात.

पण वेळ वाचतो की नाही हा माझा खरा मुद्दा नाही. खरा मुद्दा आता सांगतो. आजवर घरातही मोकळेपणाने सांगितला नव्हता.

माझा पहिला प्रेस प्रोग्रेसिव्ह होता. .२२३ ची काडतुसं भरत होतो, दारू लांब दाण्याची. असे दाणे कधी कधी नळीत आडवे अडकतात. मग एका पुंगळीत जेमतेम चिमूटभर पडते आणि पुढचीत अडकलेलं सगळं एकदम. त्या रात्री प्लेटवर थोडी दारू सांडलेली दिसली होती. मी ब्रशने झटकली आणि दांडा ओढत राहिलो. लय लागली होती ना!

दोन आठवड्यांनी लेकीला घेऊन रेंजवर गेलो. पाच मी, पाच ती, असं चाललं होतं. माझी पाचवी गोळी "फुस्स" झाली. धक्काही नाही. बोल्ट उघडला, रिकामी पुंगळी बाहेर आली, मला वाटलं चला, गेली. लेक बसली, तिने काडतूस हातात घेतलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे आजोबा जोरात ओरडले, "थांब!" त्यांनी तो आवाज ओळखला होता. बोल्ट काढून मागून नळीत पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसेना. गोळी आतच अडकली होती. पितळी कांब घालून ठोकून काढली.

ती दुसरी गोळी झाडली गेली असती तर नळी फुटली असती. आणि तिथे माझा नाही, माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचा गाल टेकलेला असता.

घरी येऊन उरलेली सगळी काडतुसं उघडली. एकात दारू गच्च ठासलेली निघाली. ती तोवर डबीतच होती.

दोष प्रेसचा नव्हता, माझाच होता. पण विचार करा, नवशिक्याला प्रत्येक ओढीत पाच गोष्टींवर लक्ष ठेवायला लावणारं यंत्र कुणी हातात दिलं? "एकदाच भारी घे" म्हणणाऱ्यांनी. अनुभवी माणसाला हाताच्या स्पर्शातूनच कळतं की काहीतरी वेगळं लागलं. नवख्याला कुठून कळणार? त्याला अजून बरोबर कसं लागतं तेच माहीत नसतं!

तेव्हा माझ्या भावा, ऐक. ओतीव लोखंडाचा, बंद चौकटीचा सिंगल स्टेज घे. आरसीबीएसचा रॉक चकर घे नाहीतर लीचा क्लासिक कास्ट, दोन्ही तुला पुरून उरतील. बहुतेक डायचे आटे एकाच मापाचे, ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४, त्यामुळे आज घेतलेल्या डाय उद्या दुसऱ्या प्रेसवरही चालतात. "परत दुसरं घ्यावं लागेल" ही भीती निम्मी इथेच संपली. आणि पुढेमागे प्रोग्रेसिव्ह घेतलासच, तरी सिंगल स्टेज काही ना काही कामाला लागतोच.

प्रेस जाड फळीवर आरपार बोल्टने बसव, लाकडी स्क्रूने नको. टेबल भिंतीला पक्कं कर. दांडा ओढताना टेबल हललं तर हाताला काही कळणार नाही, आणि सगळा खेळ तर हाताला कळण्याचाच आहे. साइझिंग डाय पुंगळीच्या खांद्याचं माप घेत घेत थोडी थोडी खाली आण. बोल्ट रायफलला खांदा एक ते दोन हजारांश इंच मागे गेला की पुरे. उगाच जास्त दाबलीस तर पुंगळी दर वेळी ताणली जाते आणि एक दिवस बुडाशी तुटते. माप जमलं की लॉक रिंग आवळ.

टेबलावर दारूचा डबा एकच. प्रमाण छापील पुस्तकातलंच, आणि सुरुवात खालच्या आकड्यापासून. वजन काट्यावर, ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, तेव्हा अंदाजपंचे चालत नाही. भरलेल्या पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून बॅटरीच्या उजेडात एकेकीत डोकाव, मगच गोळ्या बसव. ही एक सवय मला तेव्हा असती तर वरचा प्रसंग घडलाच नसता. प्रोग्रेसिव्हवरही डोकावता येतं, पण लय लागली की कोण डोकावतो? आणि उठल्यावर हात साबणाने धू, जुन्या प्राइमरच्या काजळीत शिसं असतं.

"पण पैसे वाचतात ना लवकर?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. नाही वाचत रे! २०२० आणि २१ मध्ये प्राइमरच मिळत नव्हते, तेव्हा ताशी पाचशेचे प्रेस लोकांकडे धूळ खात पडले होते. आणि एरवी काडतूस स्वस्त पडलं की माणूस दुप्पट झाडतो. आपल्या लोकांना प्रत्येक गोष्टीत "किती सुटले" विचारायची खोड आहे, मलाही होती. त्या हिशोबात मी दारूचे दाणे झटकले होते.

आता मी सिंगल स्टेजवर एका संध्याकाळी पन्नास भरतो. लेक शेजारी बसून पुंगळ्यांत डोकावते, माझ्या मागून दुसऱ्यांदा. गेल्या महिन्यात तिने एक पुंगळी बाजूला काढली, "बाबा, ही जरा कमी वाटते." काट्यावर ठेवली, बरोबर होती. तरी तिला म्हटलं, शाब्बास.

असो. आतेभाऊ अजून रुसलेला आहे. रुसू दे.